धात्री, दूधभाऊ आणि दुग्धपेढी
धात्रीची निवड करताना तिचे दूध व शील दोन्ही पारखावीत, असे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान सांगते. असे स्तन्य एका घरापुरते असे व त्यातून नाते जडे. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिने दूध पाजले आणि तिचे पुत्र त्यांचे दूधभाऊ ठरले, अशी परंपरा आहे.

१९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात दुग्धपेढी निघाली व हा क्रम पालटला. पेढीत दात्रीची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून मुख्यत्वे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना देतात. दात्री अनाम राहते, दूधभावाचे नाते जुळत नाही. परंतु धाय ठेवण्याची ऐपत नसलेल्या घरचे मूलही त्या दुधाचे अधिकारी होते. या स्थित्यंतराचे मर्म हेच होय.