ओझे किती, झीज किती

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालात, की सातपूरपाशी मालट्रक भेटतातच. त्यांनी किती ओझे वाहावे? युरोपातल्या देशांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे घासाघीस केली. १९८४च्या डिसेंबरात पाच एक्सलच्या वाहनाला ४० टन ठरले, तरी ब्रिटन आपले पूल पुढे करून ३८ टनांवर अडून बसला, तो थेट १९९९पर्यंत.

आपल्याकडे काही राज्ये शुल्क घेऊन जादा भाराला मुभा देत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्याला चाप लावला. मग वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून जुलै २०१८मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली. चार चाकांच्या एक्सलला १०.२ऐवजी ११.५ टन. वाढ जेमतेम १३ टक्के! पण अमेरिकेत १९५८ ते १९६०मध्ये झालेल्या चाचण्यांतून निघालेला हिशेब असा, की रस्त्याची झीज भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. म्हणजे त्या एक्सलचा मार साठ टक्क्यांनी वाढला. मात्रा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कवीलाही एवढे गणित कळते.

२०१९च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २० हजार रुपये, शिवाय दर जादा टनाला २ हजार झाला. माल भरायला सांगणारा पेढीवर बसलेला असतो. वजनकाट्यापाशी उभा राहतो तो चालक.