आठ मासे वजनाची दोरी

श्रोतेहो, मृगाचा पाऊस पडून गेला, जिवतीच्या डोंगरावरचे नाले वाहू लागले, की गावोगावची पोरे गरी शोधायला लागतात. बांबूची एक काठी, तिच्या शेंड्याला बांधलेले सूत, सुताच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ. झाली गरी! सूत दूर जावे म्हणून कोणी त्याला शिशाचा तुकडा बांधतो, कोणी खडा. खडा पुढे जातो आणि सुताला ओढून नेतो. हे सूत वजनाला किती, असा प्रश्न आपल्यापैकी कोणी कधी विचारलेला नाही. विचारायचे कारणच पडले नाही.

पण जगात मासे धरण्याची अशी एक रीत आहे, की तिच्यात सारा प्रश्न या सुताच्या वजनाचाच असतो. त्या रीतीचा इतिहास आज सांगायचा आहे. तुम्ही म्हणाल, परक्या मुलखातल्या छंदाशी आम्हाला काय करायचे? थोडा धीर धरा. या गोष्टीत बांबू आहे आणि रेशीमही आहे. या दोन्ही वस्तू चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानाला नव्या नाहीत.

थंड पाण्याच्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. आपल्याकडे तो नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी जेवढे तापते, तेवढ्यात तो तगायचा नाही. काश्मीरच्या नद्यांत मात्र १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणून तो वाढवला गेला. हा मासा पाण्यावर पडणारे किडे खातो. म्हणून त्याला फसवण्यासाठी बारीक गळाला पिसे आणि धागा गुंडाळून खोटी माशी तयार करतात. आता अडचण पाहा. ही पिसांची माशी वजनाने नसल्यात जमा. कापसाचे बोंड हातात घेऊन फेकून पाहा, ते दोन हातांवर पडते. आणि खडा बांधावा, तर माशी पाण्यावर तरंगत नाही, धपकन बुडते आणि मासा पळतो.

मग माशी दूर जाते कशी? तिला दोरी घेऊन जाते. बैल हाकणाऱ्याचा आसूड आठवा. मुठीपाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत गेलेला. हाताला एक झटका दिला, की त्याचा वळसा धावत टोकापर्यंत जातो. माशीच्या दोरीचे असेच आहे. तिथे खड्याचे काम दोरीच करते. म्हणजे दोरीला वजन हवे. पण किती? जिवतीतून दिसणाऱ्या कोणत्याही बाजाराच्या रस्त्यावर याचे उत्तर सापडेल. कावड वाहणारा माणूस पाहा. कावडीची बांबूची काठी रिकामी असली तर ताठ राहते, खांद्याला टोचते. बेताचा भार दोन्हीकडे टांगला, की ती पावलाबरोबर लवते आणि ओझे हलके वाटते. भार फार झाला, की काठी वाकलेलीच राहते, उसळत नाही. मऊ, हलकी छडी आणि तिची दोरी यांचे नाते असेच कावडीचे आणि भाराचे आहे. हे नाते ओळखायला माणसाला शेकडो वर्षे लागली.

आधी आपल्याच बाजूची एक जुनी साक्ष. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी मुलखाला लागून असलेले गाव. राजाने करमणूक कशी करावी हे सांगताना त्याने गळाने मासे धरण्याच्या विनोदालाही एक प्रकरण दिले. कोणते मासे, कोणते आमिष, काठी आणि दोरी कशी, हा विचार त्यात आहे. इंग्रजीतले या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे. म्हणजे आपल्याकडचा हा लेख त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा. हा विषय काही गोऱ्या साहेबांनीच शोधला, असे समजायला नको.

खोट्या माशीची रीत मात्र युरोपातली आणि तीही जुनी. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या लेखकाने मॅसेडोनियातल्या लोकांची हकीकत लिहून ठेवली आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची पिसे बांधत. काठी सहा फूट आणि दोरीही सहा फूट. एवढी आखूड दोरी असली, की तिच्या वजनाचा प्रश्न फारसा उठत नाही.

पुढे दोरी लांब झाली, तशी ती निवडावी कशी हा प्रश्न आला. त्याची उत्तरे तीन मापांत मिळाली. पहिले माप केसांचे, दुसरे जाडीचे आणि तिसरे वजनाचे.

पहिले माप घोड्याच्या शेपटीच्या केसांचे. केस पिळून दोरी वळत आणि टोकाकडे एकेक केस कमी करत नेत, म्हणजे दोरी आसुडासारखी निमुळती होई. वर सांगितलेल्या १४९६ च्या पुस्तकात हिशेब दिला आहे. अगदी चिंगळी मासळीला एक केस, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सामन माशाला पंधरा केस. म्हणजे दोरी निवडायची ती मासा पाहून, तुटणार नाही एवढी. काठीचा विचार त्यात नाही.

पुढे केसांत रेशीम मिसळू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निव्वळ रेशमाची विणलेली दोरी आली. तिला जवसाचे तेल पाजून, सुकवून, घासून गुळगुळीत करत. रेशीम पाण्याहून जड, म्हणून ती तरंगावी यासाठी वरून चरबीचा हात द्यावा लागे. दिवसभर मासेमारी झाली, की दोरी उलगडून वाळवायची, नाही तर कुजायची. दोरी आणि माशी यांच्यामधला पारदर्शक तुकडाही रेशमाच्याच किड्याचा असे. किड्याच्या पोटातली रेशमाची पिशवी व्हिनेगरमध्ये मुरवून ताणली, की कडक तार निघते. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हा धंदाच होता.

याच काळात काठीही बदलली. पूर्वी ती अखंड लाकडाची असे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कारागिरांनी बांबू चिरून त्याच्या कामट्या काढल्या, प्रत्येक कामटी तीनधारी तासली आणि सहा कामट्या सरसाने जोडून एक छडी केली. बांबूची पाठ, म्हणजे बाहेरची चिवट बाजू, छडीच्या बाहेर राहील अशी ही जोडणी असे. कामटी जितकी बारीक तासावी, तितकी छडी मऊ. अगदी मऊ छडी शेंड्यापासून मुठीपर्यंत सगळी वाकते. कोलामगुड्यात सूप विणणाऱ्या माणसाला यातले मर्म सांगावे लागणार नाही. कामटी काढताना पाठीची चिवट साल कोणती आणि पोटाचा ठिसूळ भाग कोणता हे त्याच्या बोटांना कळते. कोवळा बांबू विणायचा आणि जून बांबू घराला लावायचा, हा निवाडाही तो वाकवून, वाजवून करतो.

या छड्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बांबू हिंदुस्थानातून जाई. कलकत्त्याच्या बंदरातून तो चढे, म्हणून परदेशी कारागीर त्याला कलकत्त्याचा बांबू म्हणत. त्याच्यावर पुष्कळदा आगीच्या चटक्यांचे काळे डाग असत आणि त्या डागांवरून तो ओळखू येई. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या बांबूने त्याची जागा घेतली.

काठी अशी बारकाईने तासली जाऊ लागली, तेव्हा दोरीचेही नेमके माप हवेसे झाले. ते दुसरे माप, जाडीचे. जाडीला रोमन अक्षरे दिली. ए म्हणजे इंचाचे साठ हजारांश आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला पाच हजारांश कमी. एचडीएच अशी खूण असली, तर दोरी दोन्ही टोकांना पंचवीस हजारांश आणि मध्ये पंचेचाळीस हजारांश. सगळ्या दोऱ्या रेशमाच्या होत्या तोवर हे ठीक चालले, कारण जाडी सारखी तर वजनही जवळपास सारखे.

मग १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दोऱ्या आल्या. कुजत नाहीत, वाळवाव्या लागत नाहीत, लोक खूश झाले. पण छड्या रुसल्या! तीच खूण, तीच जाडी, पण छडी लवेना आणि दोरी पुढे जाईना. कारण साधे होते. नायलॉन रेशमापेक्षा हलके. जाडी तीच राहिली आणि भार कमी झाला. कावडीत दोन्ही बाजूंना मडकी त्याच मापाची टांगली, पण पाण्याऐवजी भुसा भरला, तर जसे होईल तसे झाले. १९५० नंतर नायलॉनवर प्लास्टिकचा थर देऊन दोऱ्या निघाल्या, त्या थरात हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवून त्या तरंगत्या केल्या. आता तर जाडीवरून काहीच कळेना.

शेवटी १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारीच्या सामानाच्या कारखानदारांच्या संघाने तिसरे माप ठरवले. दोरीचे टोकाकडचे पहिले तीस फूट तोलायचे आणि त्या वजनाला अंक द्यायचा. वजन ग्रेनमध्ये धरले. पहिल्या अंकाला ६० ग्रेन, तिसऱ्याला १००, चौथ्याला १२०, पाचव्याला १४०, सातव्याला १८५. छडीवरही मुठीजवळ तोच अंक घालायचा.

हे आकडे परके वाटतात, पण आपल्या सराफाच्या तागडीत टाका. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरला होता. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका माशाचे पंधरा ग्रेन. आणि तीस फूट म्हणजे बरोबर वीस हात. तेव्हा चौथ्या अंकाच्या दोरीचे पहिले वीस हात भरतात आठ मासे. पहिल्या अंकाचे चार मासे आणि सातव्याचे एक तोळ्याला थोडे वर. हसू नका, पाण्यातला मासा वेगळा आणि तागडीतला मासा वेगळा!

आता कोणी मऊ, हलकी छडी हातात दिली तर दोरी कोणती घ्यावी? छडीवर अंक असेल तर तो पाहावा. अशा छड्यांना बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या अंकाची, तरंगणारी दोरी लागते. अंक पुसला असेल तर छडीलाच विचारावे. वीस हात दोरी बाहेर काढून फेकून पाहावी. छडी ताठच राहिली आणि दोरी मध्येच कोसळली, तर भार कमी. छडी मुठीपर्यंत वाकून बसली आणि दोरी मागे पाण्यावर लोळली, तर भार जास्त. ओढा अरुंद असेल आणि दहाबारा हातच दोरी बाहेर काढायची असेल, तर बाहेरचे वजन निम्मेच राहते. अशा वेळी एक अंक वरची दोरी चालते. दोन्ही टोकांना निमुळती असलेली दोरी मऊ छडीला मानवते. ती पाण्यावर हलकेच उतरते आणि एक टोक झिजले, की उलटी करून दुसरे वापरता येते. वाऱ्यात मात्र हलकी दोरी टिकत नाही, तेवढे सोसावे लागते.

पुढे काचतंतूच्या आणि १९७३ पासून कार्बनच्या छड्या आल्या. कार्बनची छडी ताठ आणि फार हलकी. तरीही बांबूची मऊ छडी आवडीने करणारे कारागीर आजही आहेत आणि एकेका छडीवर ते दिवसच्या दिवस बसतात.

गुरुजनहो, हा धडा शाळेत करून दाखवता येईल. हिरव्या बांबूचा चार हातांचा बारीक शेंडा घ्या. त्याला गळ अजिबात लावू नका. सारख्या जाडीची एक सुती आणि एक नायलॉनची दोरी घ्या, प्रत्येकीचे वीस वीस हात मोजा आणि तोलून पाहा. मग टोकाला कापसाचा बोळा बांधून मैदानात फेकायला सांगा. बारीक शिवणाचा दोरा, मध्यम दोरी आणि ओली जाड दोरी यांत बोळा कोण दूर नेते, ते मुलांना फळ्यावर लिहू द्या. लांबी, जाडी आणि वजन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मग पाठ करावे लागणार नाही.

आता सुरुवातीला ठेवलेली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या बाजूला ढिवर मंडळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे किडे, पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली. मासे धरणाऱ्यांच्याच हाती रेशीम! बांबू तर रानभर. बंगाल-आसामकडे मुगा रेशमाचे सूत गळाला लावत. म्हणजे काठी आणि दोरी या दोन्हींची कच्ची वस्तू या देशात होती आणि ती ओळखणारे हातही होते. पण कामटी किती हजारांश तासली आणि दोरी किती ग्रेन भरली, हे माप लिहून ठेवले दूरच्या कारखान्यांनी आणि मोलही तिथेच चढले. इथून गेलेल्या बांबूला बंदराचे नाव मिळाले. तो कोणत्या रानातला आणि कोणी तोडलेला, ते कोणी लिहिले नाही.

हे बदलता येत नाही असे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या रानातला बांबू स्वतः विकण्याची वाट मोकळी झाली. गावाने बांबू स्वतः मोजला, स्वतः विकला. जिवतीच्या डोंगरावरचा कोलाम कारागीर सूप विणतो, तेव्हा त्याच्या बोटांत जे माप असते ते अजून वहीत आलेले नाही. शाळेतल्या मुलांनी गुड्यावर जाऊन त्याला विचारावे, की बाबा, हा बांबू का घेतला आणि तो का सोडला? आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावासह लिहून ठेवावे. नाले वाहू लागले, की गरी काढायच्या आधी एवढे काम करायला हरकत नाही.