मर्यादा... असल्यास!

नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांवर भरपूर चर्चा होते. राज्यघटनेच्या कलम २९२ कडे सहसा कुणी वळत नाही. केंद्र सरकारने किती कर्ज काढावे याची मर्यादा संसद कायद्याने घालू शकते, असे ते सांगते. ‘घालू शकते’, ‘घातलीच पाहिजे’ नव्हे. मर्यादा असल्यास तिच्या आत राहायचे, एवढेच! घटनाकारांनी दार बसवले, कडी लावायचे पुढच्यांवर सोपवले.

कडी लागायला पन्नासहून अधिक वर्षे गेली. मधल्या काळात तर गंमतच होती. १९५५ पासूनच्या व्यवस्थेत सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की अ‍ॅड-हॉक ट्रेझरी बिले आपोआप निघत आणि बँक पैसे पुरवी. नावाला ९१ दिवसांची हुंडी; मुदत संपली की नवी. ऋण काढून सण, तोही घरच्याच पेढीवर! १ एप्रिल १९९७ पासून हे बंद झाले.

मग २००३ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा आला. महसुली तूट शून्य, राजकोषीय तूट जीडीपीच्या ३ टक्के हे लक्ष्य. मुदत आधी मार्च २००८, मग २००९. तेवढ्यात जागतिक मंदी, कर्जमाफी, वेतन आयोग आले आणि लक्ष्य बाजूला पडले. २०१२ व २०१८ साली वित्त विधेयकातूनच, साध्या बहुमताने, कायदा बदलला.

जर्मनीने २००९ साली असाच लगाम थेट घटनेत घातला. २०२५ मध्ये संरक्षणखर्चासाठी त्यांनीही तो सैल केला. पण त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत जमवावे लागले, उघड वाद झाला. मला फरक वाटतो तो इथे. संकटात खर्च करावाच लागतो. करोनाच्या २०२०-२१ मध्ये आपली तूट ९ टक्क्यांवर गेली, ते समजू शकते. प्रश्न मर्यादा ओलांडण्याचा नाही, ती किती सहज, किती गुपचूप हलवता येते याचा आहे.

माझे निवृत्तिवेतनही सरकारी तिजोरीतूनच येते, तेव्हा खर्चाला नुसती नावे ठेवायला मी मोकळा नाही. पण हे कर्ज फेडणारी आपली नातवंडे आज मतदार नाहीत. त्यांच्या वतीने घटनेने बोलू नये काय?

तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.