बुलेटचा कार्बोरेटर : अमल ते मिकुनी

ब्रिटिश मोटारसायकल म्हटली की कार्बोरेटर अमलचाच, असे समीकरण कित्येक वर्षे होते. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्बोरेटर कंपन्या १९२७ मध्ये एकत्र आल्या आणि बर्मिंगहॅमची अमल उभी राहिली. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, रॉयल एनफिल्ड असे बहुतेक मोठे कारखाने तिचे गिऱ्हाईक होते. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड बुलेट जुळू लागली, तेव्हा इंजिनासोबत अमलही भारतात आला.

कार्बोरेटर बदलण्यामागे वेगाचा हव्यास असतो असे मानले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा कारण झीज हे असे. इंजिनाच्या ओढीने स्लाइड घशाच्या एका भिंतीवर घासत राहते, फट पडते आणि तिथून हिशेबाबाहेरची हवा आत शिरते. मग एअर स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो धरत नाही. १९६७ च्या सुमारास आलेल्या अमलच्या कॉन्सेन्ट्रिक मालिकेत स्लाइड आणि बॉडी दोन्ही जस्ताच्या मिश्रधातूच्या होत्या, त्यामुळे हा दोष लवकर डोके वर काढी. जपानच्या मिकुनीचे व्हीएम मालिकेतले कार्बोरेटर इथेच उपयोगी पडले. नॉर्टन कमांडोवरचे दोन अमल उतरवून ३४ मिलिमीटरचा एकच मिकुनी बसवण्याची रीत चांगलीच रुळली. वरच्या रेसला जोर थोडा कमी पडे, पण दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवत बसण्याची कटकट संपे.

भारतात बुलेटवरही पुढे मिकुनीच्या तंत्रावर इथेच बनलेला मिककार्ब आला : ३५० ला २४ मिलिमीटरचा, ५०० ला २८ चा. साहजिकच ३५० वर २८ चढवण्याचा मोह अनेकांना झाला. आकडा चारनेच वाढतो, पण घशाचे क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. कमी रेसला तिथून हवा संथ वाहते, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि गाडी पिकअपला अडखळते. व्हॉल्व्ह, हेड आणि सायलेन्सर मूळचेच असतील तर या बदलाने हाती फारसे काही लागत नाही. अॅव्हरेज मात्र जाते.

ट्युनिंगची शिस्त अमलच्या काळात बसली ती मिकुनीलाही लागू पडली. थ्रॉटल अगदी थोडा उघडा असताना पायलट जेट आणि एअर स्क्रूची सत्ता चालते. त्यापुढे स्लाइडचा तिरका काप, मधल्या मोठ्या पट्ट्यात निडल आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट. अमलच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन वाहते त्याचे माप. कापाचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, म्हणजे ३ क्रमांकाच्या स्लाइडचा काप तीन-सोळांश इंच. निडलची क्लिप एक खाच वर सरकवली की निडल खाली उतरते आणि मिश्रण पातळ होते. उंच घाटात हवा विरळ असते आणि मिश्रण आपोआप जाड होते. तिथे हीच एक खाच कामाला येते.

मेन जेट मात्र प्लगवरून ठरवला जाई. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, त्याच क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि गाडी थांबली की प्लग काढून पाहायचा. काजळी असेल तर जेट मोठा, पांढराफटक असेल तर लहान, तपकिरी असेल तर बेताचा. देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर, २००० नंतर, प्लगचा रंग पूर्वीइतका बोलका राहिला नाही.

नव्या गाड्यांपुरता हा प्रश्न १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनी जवळपास निकालात काढला. तेव्हापासून बुलेटही फ्युएल इंजेक्शनवर चालते. जेट, निडल आणि क्लिपचा बाजार जुन्या गाड्यांच्या जिवावर सुरू आहे.