सिलिंडर ओढणाऱ्यांचं कॉलेज

१९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या हॉस्पिटलांत 'ऑक्सिजन ऑर्डर्ली' असत. गोदामातून पोलादी सिलिंडर ओढत वॉर्डात आणायचा, खाटेवर ऑक्सिजनचा तंबू उभारायचा आणि रिकामा सिलिंडर परत न्यायचा, हे त्यांचं काम. अंगात ताकद हवी. शिक्षण कोणी विचारत नसे.

याच माणसांना सोबत घेऊन १९४७ साली शिकागोत 'इनहेलेशन थेरपी असोसिएशन'ची रीतसर नोंदणी झाली. सभासद होते ५९. आपण वाहून नेतो ते औषध आहे, तेव्हा त्याची विद्याही आपल्याला यायला हवी, ही त्यामागची तळमळ. ती किती रास्त होती, हे लवकरच दिसलं.

तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर ऑक्सिजन देत. जितका जास्त तितका चांगला, अशी समजूत. बाळं जगत होती, पण अनेकांची दृष्टी जात होती. १९५१मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि अमेरिकेतल्या १८ हॉस्पिटलांनी मिळून केलेल्या अभ्यासाने ते खरं ठरवलं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली होती. १९५०मध्ये जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक. पुढे भीतीपोटी हात आखडता घेतला, तर काही बाळं ऑक्सिजनअभावी दगावली. नळ किती फिरवायचा, हा प्रश्न आता मनगटाच्या जोरावर सुटणारा राहिला नव्हता.

त्यातच १९५०च्या दशकाअखेर वैमानिक फॉरेस्ट बर्ड यांचा 'मार्क ७' आला. विजेशिवाय, केवळ दाबाखालच्या वायूवर चालणारं हे छोटं श्वसनयंत्र. ते हाताळणार कोण?

उत्तर शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ सालीच रुजलं होतं. तिथे शाळेला जोडून पुढची दोन वर्षं शिकवणारं कॉलेज निघालं. पहिल्या वर्गात विद्यार्थी होते सहा. १९४७च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या शिक्षण आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर पसरवा, असं सुचवलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. कमी फी, घराजवळचे वर्ग. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हेच परवडणारं होतं आणि श्वसनोपचाराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम इथेच स्थिरावला. या कॉलेजांचं हे मोठं ऋण आहे. पुढे नोंदणीच्या परीक्षा आल्या. १९८२मध्ये कॅलिफोर्नियाने परवान्याचा कायदा केला.

आज या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी धमनीतलं रक्त काढायला शिकतात, तेही आधी रुग्णाच्या मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून. पांढरा पडलेला तळवा एक धमनी सोडताच गुलाबी झाला, तरच सुई टोचायची. यंत्राचे आकडे, रक्तातले वायू, छातीतला आवाज यांचा मेळ घालायचा.

आणि सिलिंडर? तो अजून आहेच. रुग्णाला एका विभागातून दुसरीकडे नेताना लागणारा छोटा 'ई' सिलिंडर घ्या. काट्यावर दाब चौरस इंचाला २,००० पौंड, रुग्णाला मिनिटाला ४ लिटर. दाबाला ०.२८ने गुणायचं, ४ने भागायचं: १४० मिनिटं. काटा शून्यावर येण्याआधीच सिलिंडर बदलायचा, म्हणून हाताशी त्याहूनही कमी वेळ. हा हिशेब आधी, मग खाटेची चाकं हलतात.