कातडीपासून सुरुवात
(प्रस्तावना)

कोलशेतच्या एका अंगाला उल्हासची खाडी आहे, तर घोडबंदर रस्ता ओलांडला की येऊरचा डोंगर. जूनमधला पहिला जोरदार पाऊस झाला की गोड्या पाण्याच्या डबक्यांत बेडकांचा गलका सुरू होतो. खाडीच्या भरतीच्या पाण्यात मात्र ते अंडी घालत नाहीत. असे का, याचे उत्तर बेडकाच्या कातडीत आहे. म्हणून उभयचरांच्या शरीराची ओळख करून देणारे हे पुस्तक सांगाड्यापासून नव्हे, कातडीपासून सुरू होते.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर बसून तो पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो. श्वासाचाही मोठा भार हीच कातडी उचलते. इतके उघडे शरीर खाऱ्या पाण्यात गेले की आतलेच पाणी बाहेर खेचले जाते. आग्नेय आशियातला खेकडे खाणारा बेडूक रक्तात युरिया साठवून खारफुटीत तगतो, पण असे बेडूक फार थोडे.

आपल्या कित्येक पिढ्यांनी बेडूक पाहिला तो प्रयोगशाळेतल्या मेणाच्या ट्रेमध्ये, टाचण्यांनी ताणलेला. त्याचे तीन कप्प्यांचे हृदय म्हणजे माशाच्या पुढचे आणि माणसाच्या मागचे, अर्धवट राहिलेले हृदय, हा समज तिथेच रुजला. तो पुसणे हा या पुस्तकाचा मुख्य हेतू आहे. फुप्फुसांतले रक्त डाव्या अलिंदात येते. कातडीत प्राणवायू घेतलेले रक्त शरीरातल्या इतर रक्ताबरोबर उजव्या अलिंदात. म्हणजे प्राणवायू दोन्ही बाजूंनी येतो. निलय एकच असल्याने, बेडूक पाण्याखाली असताना रक्ताला फुप्फुसांना वळसा घालता येतो. ज्याला दोन ठिकाणी श्वास घ्यायचा आहे, त्याला हेच हृदय सोयीचे.

भैकेराची, म्हणजे बेडकाच्या पिल्लाची, गोष्ट याहून विलक्षण आहे. ते अमोनिया थेट पाण्यात सोडते; जमिनीवर यायचे तर तो युरियात बदलावा लागतो. अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाच्या हुकमाने यकृत हे काम शिकते, लांबलचक आतडे आखूड होते, कल्ले जातात, शेपूट विरते. हे सगळे डबके आटण्याच्या आत.

या विषयात सगळे शोधून झाले आहे, असे कुणी समजू नये. पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिलेल्या सह्याद्रीतल्या रात्रबेडकाचे वर्णन १९५५ मध्ये झाले. त्याचा नर मादीला कवटाळत नाही, तिच्या पाठीवर शुक्राणू सोडून दूर होतो, हे मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीत राहणाऱ्या देवगांडुळांबद्दल, म्हणजे बिनपायांच्या उभयचरांबद्दल, तर आपल्याला याहूनही कमी माहिती आहे.

वाचता वाचता पाहायला बाहेर पडाल, तेव्हा बेडूक दुरूनच पाहा. डास पळवणारे मलम किंवा सॅनिटायझर लावलेला हात त्याला लागला, तर ते त्याच्या कातडीतून आत जाऊ शकते.