आपला टीव्ही गेम बंद पडलाच कधी होता?

११ नोव्हेंबर २०१६ रोजी निन्टेन्डोनं अमेरिकेत एक छोटा करडा डबा विकायला काढला. ‘एनईएस क्लासिक एडिशन’. ऐंशीच्या दशकातला जुना कन्सोल तळहातावर मावेल एवढा करून, आत ३० गेम भरून, एचडीएमआय केबलसकट, किंमत साठ डॉलर. म्हणजे तेव्हाचे साधारण चार हजार रुपये. लोक अक्षरशः तुटून पडले. एप्रिल २०१७ पर्यंत वीसेक लाख डबे खपले, मग कंपनीनं तो बंद केला, ओरड झाली म्हणून जून २०१८ ला परत आणला. सोनी आणि सेगानंही मग आपापले छोटे डबे काढले.

त्या ३० गेमांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वर-खाली दोनदा शोधलं. काँट्राच नाही! ‘सुपर सी’ आहे, म्हणजे काँट्राचा दुसरा भाग. पण पहिला, ज्याच्यासाठी आमच्या गल्लीत रिमोटवरून भांडणं व्हायची, तो नाही. डक हंट नाही. रोड फायटर नाही. बॅटल सिटी, ज्याला आपण नुसतं ‘टँक’ म्हणायचो, तोही नाही. नांदेड-लातूरच्या कुठल्याही तिशीतल्या माणसाला विचारा, त्याची यादी याच चार-पाच नावांपासून सुरू होते.

याची कारणं सरळ आहेत. बॅटल सिटी (१९८५) त्या काळी अमेरिकेतल्या कन्सोलवर आलाच नव्हता, त्यामुळे अमेरिकन ग्राहकाला त्याची आठवण असायचं कारण नाही. डक हंटची बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड पकडतो. हे सगळं टीव्हीच्या वेळेशी घट्ट बांधलेलं आहे. एलसीडीवर चित्र किंचित उशिरा येतं, बंदुकीला काहीच दिसत नाही, आणि बदक आरामात उडून जातं. कुत्रा हसतो तो वेगळाच.

पण माझ्या संशोधनातला खरा मुद्दा यादीच्या अलीकडचा आहे. एखादी वस्तू ‘पुन्हा’ बाजारात आणायची तर ती मधे कधीतरी बंद पडलेली असावी लागते. आपल्याकडे ती बंद पडलीच नाही.

थोडं मागे जाऊ. मूळ यंत्र म्हणजे जपानमधला फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ चा. तैवान आणि चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या. पुढे पुढे तर अख्खा कन्सोल एकाच चिपमध्ये बसवला गेला. तुमच्या घरचा डबा कधी उघडला असेल तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा गोल ठिपका दिसला असेल. तो ठिपका म्हणजेच कन्सोल, बाकी डबा रिकामा. रशियात १९९२ पासून हेच यंत्र ‘डेंडी’ नावानं घरोघरी गेलं. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटिल मास्टर’ अशी नावं होती, आणि कितीतरी डब्यांवर तर धड नावच नव्हतं. निन्टेन्डो हा शब्द आमच्यापैकी बहुतेकांनी इंटरनेट आल्यावर वाचला. आमच्यासाठी तो ‘टीव्ही गेम’ होता आणि कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. प्लेस्टेशन २ बाजारात आला २००० मध्ये. खुद्द निन्टेन्डोनं जपानात फॅमिकॉम बनवणं थांबवलं २००३ मध्ये. आणि माझ्या घरात पहिला टीव्ही गेम आला त्यानंतर, चौथीच्या उन्हाळी सुट्टीत. म्हणजे जपानात ज्याचा इतिहास झाला होता, तो आमच्याकडे नवाकोरा खोक्यातून निघत होता. ब्राझीलमध्ये असंच झालंय. तिथं टेकटॉय कंपनी सेगाचा मास्टर सिस्टम १९८९ पासून या ना त्या रूपात विकत आली. जगाचा ‘रेट्रो’ वेगळा आणि आपला वेगळा.

छोट्या करड्या डब्यात एक सोय आहे, हवा तिथं खेळ थांबवून जपून ठेवायची. दर गेमला चार जागा. हे वाचून मला लोडशेडिंग आठवलं. मारिओ आठव्या दुनियेत पोचलाय आणि लाइट गेली, की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही खेळाचं वेळापत्रक लाइटच्या वेळापत्रकावर बसवायचो. दहावीचं वर्ष लागलं की डबा माळ्यावर जायचा. लातूर पॅटर्नच्या मुलुखात याला अपवाद क्वचितच. मुलाखतींमध्ये ‘गेम कधी सुटला?’ असं विचारलं की बहुतेक जण इयत्ता सांगतात, वर्ष सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात गंजगोलाईजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो होतो. कॅसेट आहेत का विचारलं तर म्हणाले, “हायेत की, पोतंभर. भंगारवाल्याला द्यायच्यात. तुम्ही काय करता त्याचं?” मी म्हटलं, “काका, त्याच्यावर पीएचडी करतोय.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “घेऊन जा.”

त्या पोत्यातली एक कॅसेट ‘९९९९९९९ इन १’. मेनू एकेक करून उघडला, वहीत नोंदवला. खरे वेगळे गेम निघाले सात. बाकी सगळे तेच, फक्त मधल्याच पातळीपासून सुरू होणारे, किंवा काँट्रा तीनऐवजी तीस जीवांचा. दुसऱ्या एका कॅसेटवर ‘टँक १९९०’. हा बॅटल सिटी नव्हे. कुणीतरी तो फोडून, नकाशे बदलून, नवी हत्यारं घालून केलेला चोरटा अवतार. आमच्यापैकी अनेकजण हाच खेळलो, मूळ नाही. आता तो अधिकृतपणे पुन्हा कोण काढणार? त्याला मालकच नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात कायदेशीर मिळतच नाहीत. ही त्यांची अवस्था, ज्यांच्याकडे मालक, करार, कागद सगळं आहे. टँक १९९० त्या हिशेबात धरलेलासुद्धा नाही.

चोरीला मी चोरीच म्हणतो. यंत्राची पेटंटं कधीच संपली, गेमांचा कॉपीराइट संपलेला नाही. ज्यांनी ते बनवले त्यांना नांदेडमधून एक पैसा गेला नाही, हे खरं. पण चोरीची नाणी इतिहासाच्या अभ्यासाला चालतात, मग कॅसेट का चालू नये? हा प्रश्न मी संशोधन समितीपुढे मांडला तेव्हा ‘प्राथमिक साधनं काय?’ असं विचारलं गेलं. पोतं नेऊन दाखवायला हवं होतं.

आणखी एक गंमत. जत्रेत, मोबाइल अॅक्सेसरीच्या दुकानात ‘एसयूपी ४०० इन १’ नावाचा हातात धरायचा छोटा गेम मिळतो. जुन्या नोकियासारखी बॅटरी, टीव्हीला जोडायची वायर. आत तीच नावं: टँक, मारिओ, सर्कस. निन्टेन्डोच्या करड्या डब्यात लिनक्सवर चालणारा छोटा संगणक आहे, २५६ एमबी मेमरीचा. मूळ फॅमिकॉमची कामाची मेमरी होती २ केबी. म्हणजे अधिकृत यंत्र जुन्याची फक्त नक्कल वठवतं. उलट जत्रेतल्या अशा स्वस्त यंत्रांत बहुधा त्या डांबरी ठिपक्याचीच पुढची पिढी असते. कुळ शोधायला गेलं तर चोरटंच जवळचं निघतं.

सध्या मी प्रत्येक कॅसेटचा मेनू, लेबल आणि आतली पट्टी यांचे फोटो काढून ठेवतोय. तुमच्या माळ्यावर काही असेल तर भंगारात घालण्याआधी एक फोटो तरी काढा. पिना गंजलेल्या असल्या तर फुंकर मारू नका, तोंडाच्या ओलाव्यानं आणखी गंजतात. कापसाला स्पिरिट लावून पुसा. बंदुकीसाठी मला जुना, पाठ फुगलेला टीव्ही हवा होता. तो नांदेडला एका मित्राच्या मामांकडे सापडलाय, चालू स्थितीत. फक्त तो तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि उतरवायला चार माणसं लागणारेत.